लपवू नये अशी जखम

नाशिकहून उत्तरेस वणीच्या वाटेला लागले, की दिंडोरीचा मुलूख सुरू होतो. वाटेच्या दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे, कांद्याची व टोमॅटोची शेते, मधून वाहणारी कादवा नदी आणि रानात विखुरलेल्या वस्त्या. मळ्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला राखणदार हवा असतो. म्हणून वस्तीवस्तीवर कुत्रा पाळलेला दिसतो. रात्री परक्या पावलांची चाहूल प्रथम त्यालाच लागते. दिवसा तो मुलांशी खेळतो आणि धन्याच्या मागे बांधावरून हिंडतो. माणसाचा इतका जुना व इमानी सोबती दुसरा नाही.

परंतु याच सोबत्याला कधी कधी एक भयंकर रोग जडतो. कुत्रा पिसाळला, असे आपण म्हणतो. इंग्रजीत या रोगाला रेबीज म्हणतात. आपल्या देशातही तो फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे, आणि रोग्याला पाण्याची भीती वाटू लागली म्हणजे तो वाचत नाही, असेही त्यात सांगितले आहे.

वस्तीवरून शाळेला चालत जाणाऱ्या एखाद्या मुलाला वाटेत कुत्रा चावतो. जखम लहानशी असते. पोटरीवर दोन दातांच्या खुणा आणि थोडेसे रक्त. आई रागावेल, डॉक्टर सुई टोचतील, या भीतीने तो मुलगा जखम झाकून टाकतो आणि कोणालाच काही सांगत नाही. चार दिवसांत जखम भरून येते. आता सारे संपले, असे त्याला वाटते. त्याचे हे वाटणे किती धोक्याचे आहे, हे समजण्यासाठी फार दूरच्या तीन मुलांची हकीकत जाणून घेतली पाहिजे.

फ्रान्स देशात १८२२ साली लुई पाश्चर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुई आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांच्या गावाच्या आसपास एका पिसाळलेल्या लांडग्याने कित्येकांना चावे घेतले. त्या काळी या रोगावर एकच उपाय माहीत होता. जखमी माणसांना लोहाराकडे नेत आणि तापवून लाल केलेल्या लोखंडाने त्यांच्या जखमा डागत. लोहारशाळेतील त्या किंकाळ्या लहानग्या लुईने ऐकल्या. इतक्या यातना सोसूनही अनेकजण दगावले.

लुई पाश्चर पुढे मोठे रसायनशास्त्रज्ञ झाले. वयाच्या साठाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी या रोगाचा अभ्यास हाती घेतला. रोगट सशाच्या पाठीच्या कण्यातील मज्जा कोरड्या हवेत टांगून ठेवली, तर दिवसेंदिवस तिच्यातील विष क्षीण होत जाते, असे त्यांना आढळले. प्रथम अगदी क्षीण झालेली आणि मग क्रमाक्रमाने जहाल अशी मज्जा टोचली, तर कुत्र्यांना या रोगाची बाधा होत नसे. मात्र माणसावर हा प्रयोग करण्यास त्यांचे मन धजत नव्हते.

१८८५ च्या जुलै महिन्याच्या ६ तारखेस एक माता आपल्या मुलाला घेऊन त्यांच्या दारी आली. मुलाचे नाव जोसेफ मायस्टर. वय वर्षे ९. दोनच दिवसांपूर्वी एका पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला गाठले होते. त्याच्या हातापायांवर १४ जखमा होत्या; त्याला नीट चालताही येत नव्हते. लस न टोचावी तर मुलाचा मृत्यू जवळजवळ निश्चित होता. टोचावी तर तिचा परिणाम कोणालाच ठाऊक नव्हता. पाश्चर यांनी दोन अनुभवी डॉक्टरांचा सल्ला घेतला. ते स्वतः वैद्य नसल्यामुळे त्याच दिवशी सायंकाळी डॉक्टर ग्रांशे यांनी पहिली सुई टोचली. दहा-अकरा दिवसांत एकूण १३ वेळा लस टोचण्यात आली. मुलगा मजेत खेळत होता, परंतु पाश्चर यांना रात्र रात्र झोप येत नव्हती. जोसेफ वाचला. पुढे मोठेपणी तो पॅरिस येथील पाश्चर संस्थेचा द्वारपाल झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात दुसरा मुलगा आला. तो १५ वर्षांचा मेंढपाळ होता. त्याचे नाव ज्यां-बातिस्त ज्युपीय. रानात गुरे राखणाऱ्या लहान मुलांवर पिसाळलेला कुत्रा धावून आला, तेव्हा त्यांना पळून जाता यावे म्हणून हा एकटाच कुत्र्याला सामोरा गेला. झटापटीत त्याच्या हातांना खोल जखमा झाल्या. दंशानंतर सहा दिवसांनी त्याच्यावर उपचार सुरू झाले, आणि तोही वाचला.

तिसरी होती लुईझ पेल्तिए नावाची १० वर्षांची मुलगी. तिच्या डोक्याला चावा झाला होता आणि तिला पाश्चर यांच्याकडे आणले तेव्हा ३७ दिवस उलटून गेले होते. आता उशीर झाला आहे, हे पाश्चर जाणून होते. तरी आईबापांचा आकांत त्यांना पाहवेना. त्यांनी लस दिली, पण मुलगी वाचली नाही. लस तीच, देणारे हातही तेच. फरक होता तो मुख्यतः गेलेल्या दिवसांचा.

असे का व्हावे? या रोगाचे विषाणू आजारी प्राण्याच्या लाळेत असतात. ते जखमेतून शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकू लागतात. हा प्रवास बहुधा काही आठवडे, कधी काही महिने चालतो. जखम चेहऱ्यावर किंवा डोक्यावर असेल, तर वाट जवळची होते. या अवधीत लस घेतली, तर शरीराला विषाणूंशी लढण्याचे बळ येते. परंतु विषाणू मेंदूत पोहोचून रोगाची लक्षणे दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. भरून आलेली जखम म्हणूनच फसवी असते. वरची कातडी सांधते, पण आत शिरलेला शत्रू चालतच असतो.

पाश्चर यांचे हे ज्ञान आपल्या देशातही लवकरच पोहोचले. १९०० साली शिमल्याजवळ कसौली येथे आणि १९०७ साली निलगिरीतील कुन्नूर येथे पाश्चर संस्था स्थापन झाल्या. मुंबईस परळ येथील हाफकिन संस्थेतही ही लस तयार होत असे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवीत व पोटात टोचीत. ‘कुत्रा चावला, आता पोटात चौदा सुया!’ ही म्हाताऱ्या माणसांची भीती त्या काळची आहे. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता नवी लस दंडात टोचतात, आणि तिच्यासाठी ठरलेल्या चार किंवा पाच दिवशी रुग्णालयात जावे लागते. सरकारी रुग्णालयांतून ती विनामूल्य मिळते. दिंडोरीस ग्रामीण रुग्णालय आहे आणि तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत.

कुत्रा चावला, त्याच्या नखांचा ओरखडा उठला किंवा त्याने उघड्या जखमेवर चाटले, तर प्रथम ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवावी. या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतात. मळ्यातील पाण्याचा नळ आणि घरातील अंगाचा साबण एवढ्यानेच अर्धी लढाई होते. जखमेवर चुना, तिखट, हळद, तेल किंवा माती लावू नये. तिला डागू नये. ती घट्ट बांधू नये. मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. धुणे आटोपताच वडीलधाऱ्यांसह रुग्णालयात जावे. जखम खोल असेल, तर डॉक्टर तिच्या भोवती आणखी एक औषध टोचतात. ते तत्काळ काम करते. लशीचे दिवस मात्र एकही न चुकविता पुरे करावे. कुत्रा पाळीव आहे किंवा लहानसे पिलू आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. मांजर, मुंगूस, कोल्हा, माकड यांच्या चाव्यालाही हाच नियम लागू आहे.

चावा टाळणे हे तर सर्वांत उत्तम. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्रीला छेडू नये. बांधलेल्या कुत्र्याला खडे मारू नयेत. अनोळखी कुत्रा अंगावर आला, तर पळू नये. धावणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच आहे. हात अंगाशी धरून झाडासारखे निश्चल उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि तो शांत झाला म्हणजे हळूहळू मागे सरावे. खाली पडल्यास अंगाचे मुटकुळे करून कान व मान हातांनी झाकावी. जो कुत्रा विनाकारण चावत सुटतो, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, ज्याचा आवाज घोगरा होतो, तो पिसाळलेला असू शकतो. कधी कधी असा कुत्रा न भुंकता अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो. त्याच्या जवळ न जाता मोठ्या माणसांना सांगावे.

आणि कुत्र्यांचे काय? त्यांना मारून हा रोग जात नाही. लस टोचून जातो. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि शाळाशाळांतून मुलांना या रोगाची माहिती देण्यात आली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे या रोगाने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. सबंध भारतातून कुत्र्यांमुळे होणारे हे मृत्यू २०३० पर्यंत नाहीसे करण्याचा शासनाचा संकल्प आहे. पाश्चर यांचा मृत्यू १८९५ साली २८ सप्टेंबर रोजी झाला. तोच दिवस आता जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

दिंडोरीच्या वस्तीवरील त्या मुलाने आज घरी येऊन एवढेच म्हणावे, ‘आई, मला कुत्रा चावला.’ आई क्षणभर रागावेलही. पण लगेच ती नळाकडे धावेल, वडील गाडी काढतील, आणि एक जीव वाचेल. जोसेफला पॅरिस गाठण्यासाठी दोन दिवस लागले होते. या मुलाला तितकी वाट चालावयाची नाही. केवळ तोंड उघडावयाचे आहे.

स्वाध्याय

शब्दार्थ : दंश – चावा, जहाल – तीव्र, धजणे – धीर होणे, दगावणे – मरण पावणे, निश्चल – न हलणारा, मुटकुळे – अंग आखडून केलेला गोळा.

१. लोहारशाळेतील कोणता प्रसंग पाश्चर यांनी लहानपणी अनुभवला?
२. जोसेफ, ज्यां-बातिस्त व लुईझ यांच्यावर दंशानंतर किती दिवसांनी उपचार झाले? त्यावरून कोणता बोध होतो?
३. कारणे द्या : (अ) जखम साबणाने धुवावी. (आ) भरून आलेली जखम फसवी असते. (इ) कुत्रा अंगावर आल्यास पळू नये.
४. ‘तोंड उघडणे’ आणि ‘सामोरे जाणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. आपल्या गावाजवळचे आरोग्य केंद्र कोठे आहे, ते शोधा. तेथे कुत्रा चावल्यावरची लस केव्हा मिळते, याची चौकशी करून ती माहिती शाळेच्या फलकावर लिहा.