आधी नाव, मग चेहरा

कोऱ्हाळे बुद्रुकच्या आसपासच्या ऊसपट्ट्यात खतं, बियाणं, ठिबक यांच्या जाहिरातींसाठी मी शेतकऱ्यांचे फोटो काढतो आणि त्यांची नावं हाताने लिहितो. या कामाने जे शिकवलं, ते मांडतो.

१. नाव आधी विचारायचं. १९३६ साली डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियात मुलांसह बसलेल्या एका मजूर बाईचा फोटो काढला. फोटो जगभर गेला, पण लँगने तिचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडलं. त्या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही, हे तिने स्वतः सांगितलं. आपल्याकडेही फोटोखाली 'प्रगतशील शेतकरी' एवढंच छापून मोकळे होतात. म्हणून कंपनीशी बोलणी करतानाच मी सांगतो: नाव येईल, गाव येईल आणि मानधन द्यावं लागेल. 'आबा, तुमचा फोटो गावोगाव लागेल' हा मोबदला नव्हे.

२. रात्रीच्या लाइटीवर पाण्याची दारं धरून आलेल्या माणसाला सकाळी कॅमेऱ्यापुढे उभं करू नये. त्याची झोप होऊ द्यावी.

३. दुपारच्या उन्हात टोपीची सावली डोळ्यांवर पडते. त्यापेक्षा गोठ्याचं दार किंवा गुऱ्हाळाचं छप्पर बरं, तिथे अंगणातला उजेड चेहऱ्यावर हळुवार येतो. माणूस खाली बसला असेल तर आपणही बसावं. वरून काढलेल्या फोटोत तो लहान दिसतो, आणि ते मला सहन होत नाही. लग्नातला फेटा आणायला सांगू नये. रोजची टोपीच राहू द्यावी.

४. खरा जीव अक्षरात लावावा लागतो. फ्लेक्सच्या दुकानात घाईत टाइप केलं की आमच्या गावाचं नाव हमखास बिघडतं. 'ऱ्हा'मधला अर्धा र सरळ वर जाऊन रफार होतो आणि बोर्डावर 'कोर्हाळे' लागतं. ज्याच्या चार पिढ्या इथे नांदल्या, त्याच्या फोटोखाली गावच चुकीचं! मी बोरूने लिहितो. तिरका छेद दिलेला बोरू 'ऱ्' वळवताना थोडा थांबतो, तिथे शाई जाड होते, आणि ते वळण मी पुसत नाही. र. कृ. जोशी उल्का या जाहिरात संस्थेत काम केलेले, अक्षराला आयुष्य वाहिलेले कलावंत. संगणकावरचा 'मंगल' फाँटही त्यांचाच. जाहिरातीत अक्षर चित्राइतकंच बोलतं, हा विश्वास मला त्यांच्या कामाकडे पाहून आला. आणखी एक: कागदावर एक नाव असतं, गाव हाक मारतं दुसऱ्याच नावाने. कोणतं लिहायचं, ते त्या माणसाने ठरवावं. लिहिलेलं नाव मी आधी त्याला दाखवतो, कंपनीला नंतर.

५. बाईंचं नाव सातबारावर नसलं, तरी लागण, खुरपणी, जनावरं त्याच बघतात. फोटो नवरा-बायको दोघांचा असेल तर 'सौ.' लिहून भागत नाही, त्यांचं स्वतःचं नाव पूर्ण हवं. अक्षराचा आकारही सारखा हवा.

६. २०१३ मध्ये अमेरिकेत रॅम ट्रकची दोन मिनिटांची जाहिरात गाजली: रेडिओ निवेदक पॉल हार्वेंचं १९७८ सालचं भाषण आणि त्यावर शेतकऱ्यांचे नुसते स्थिर फोटो. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली आहे, फार सुंदर आहे. पण शेतात राबणारे लॅटिनो मजूर त्यात जवळपास दिसत नाहीत, अशी टीका तेव्हा झाली आणि ती मला पटते. आमच्याकडे ती जागा ऊसतोड टोळीची आहे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या कागदावर मात्र दोन नावं असतात. या फोटोंचं मानधन मुकादमाकडे न देता ज्याच्या त्याच्या हातात द्यावं. प्रिंटही कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत पोचवावेत. एकदा टोळी गावाकडे निघाली की पुढच्या हंगामापर्यंत गाठ पडत नाही, आणि पुढच्या हंगामाला तीच माणसं याच कारखान्याला येतील असंही नसतं.