शेतावरचे पाहुणे

रायगड जिल्ह्यात माणगाव नावाचा तालुका आहे. यशवंत घाडगे हे तिथले. मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटली देशात लढाईत ते पडले. तेव्हा त्यांचे वय होते २२ वर्षे. आपला हा गडी जिथे पडला तो मुलूख कसा आहे, आणि आज तिथे कोणी गेले तर उतरायचे कुठे, हे या पाठात पाहू.

मुलुखाचे नाव उंब्रिया. टायबर नदीचे वरचे खोरे. नदीकाठी सपाट रान, त्यात तंबाखू होते. वर टेकड्या, त्यांवर ऑलिव्हची झाडे आणि द्राक्षांचे मळे. एका टेकडीवर मोंतोने नावाचे तटबंदीचे गाव आहे.

आजूबाजूच्या शेतांत दगडी घरे दिसतात. पूर्वी अशा घरात खाली गोठा असे आणि वर बिऱ्हाड. बाहेरून दगडी जिना. गुरांची ऊब थंडीत वर पोचायची. पण घर कुळाचे नव्हे बरं का! जमीन धन्याची, घरही धन्याचे. कूळ अर्धेलीने राबायचे. अर्धे पीक धन्याला, अर्धे आपल्याला. करार मोडला की शेत गेले आणि डोक्यावरचे छप्परही गेले. अर्धेली म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

महायुद्ध संपल्यावर तरुण माणसे कारखान्यांकडे निघून गेली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. ते चांगलेच झाले. पण घरे ओस पडू लागली होती. छपरे खचली, अंगणात झुडपे वाढली. काही घरे शहरातल्या नि परदेशी लोकांनी विकत घेतली.

मग १९८५ साली इटलीत आणखी एक कायदा झाला. शेतकऱ्याने आपल्या शेतावरच्या घरात पाहुणे ठेवावेत, त्यांना जेवूखाऊ घालावे आणि त्याचे पैसे घ्यावेत, अशी सोय त्यात केली. या धंद्याला तिकडे आग्रितुरिझ्मो म्हणतात. अट एकच, पण मोठी. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. पाहुणे हा जोडधंदा. ताटातले अन्नही बरेचसे आपल्या रानातले आणि आसपासचे हवे. आमच्या मते ही अट फार शहाणपणाची आहे. ती नसती तर नांगर गंजला असता आणि शेतकरी नुसता खाणावळवाला झाला असता.

तर असा पाहुणा रात्री येतो. जुना गोठा आता झाडून, चुना लावून खोली झालेला असतो. तिथे तो निजतो. सकाळी पाव, मुरंबा, मध आणि कॉफी. उंब्रियातल्या पावात मीठ घालत नाहीत. आपल्याला तो पहिल्या दिवशी काही रुचायचा नाही! न्याहारी झाली की पाहुणा टेकडी चढून मोंतोने गावात जातो. वेशीच्या कमानी, अरुंद दगडी गल्ल्या, जुनी देवळे. ब्राच्चो नावाचा शूर सरदार याच गावच्या घराण्यातला. भाडोत्री फौज घेऊन तो लढायचा. १४१६ साली त्याने पेरूजा हे मोठे शहर जिंकले, आणि १४२४ साली तो लढाईतल्या जखमांनी मेला. ऑगस्ट महिन्यात गावकरी त्या जुन्या काळचे पोशाख घालून उत्सव करतात.

पण आपला माणूस तिथे गेला तर त्याची पावले आधी दुसरीकडे वळतील. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा या टेकड्या धरून बसल्या होत्या. त्यांना हटवायला हिंदी पलटणी खोऱ्यातून वर चढत होत्या. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली. त्यांच्याखेरीज तुकडीतले सारे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. एकाला गोळी घातली. बंदूक पुन्हा भरायला वेळ नव्हता. तेव्हा ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने लोळवले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या त्या युद्धात ५,७८२ हिंदी शिपाई मेले.

मोंतोने गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. काट्याची सावली पडते, त्यावरून वेळ कळते. त्यांची समाधी मात्र तिथे नाही. कुठेच नाही. दूर कसिनो येथे ज्यांच्या कबरी नाहीत अशा शिपायांचे स्मारक आहे, त्यावर त्यांचे नाव कोरले आहे. ते वाचायचे तर रोमच्याही दक्षिणेला उतरावे लागते. तेव्हा वाटसरू शेतकऱ्याचे पैसे चुकते करतो, पिशवी खांद्याला लावतो, आणि पुढच्या रात्रीसाठी दुसरे घर शोधतो.