निगेटिव्ह रिपोर्ट आणि मेणाचा ब्लॉक

पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर ताईच्या अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागलं. क्युरेटिंग झालं, म्हणजे अस्तर खरवडून तपासलं; गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, पिशवी काढली. पुढे आजार फुप्फुसात पोचला, तेव्हा केमो द्यायची की हॉर्मोनच्या गोळ्या, असा प्रश्न आला. जुन्या रिपोर्टात ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे रिसेप्टर) दोन्ही निगेटिव्ह होते. म्हणजे गोळ्या बाद.

नव्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी मात्र जुन्या स्लाइड मागवल्या आणि मलाही दाखवल्या. रिसेप्टर असले की केंद्रक तपकिरी रंगतं; गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी होती. पण शेजारच्या निरोगी ग्रंथींचीही निळीच! "या तरी तपकिरी व्हायला हव्या होत्या," बाई म्हणाल्या. निरोगी अस्तरात हे रिसेप्टर असतातच. तेही दिसत नसतील तर त्या निगेटिव्हला अर्थ नाही. कारण असं, की पिशवी न चिरता अख्खीच फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकलेली होती. नमुना टिकवणारं हे द्रावण तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत झिरपतं. तोवर आतलं अस्तर खराब होतं. क्युरेटिंगचे तुकडे लहान, ते चांगले टिकले होते. त्यांच्या मेणाच्या ब्लॉकवर चाचणी पुन्हा केली आणि पीआर ठळक पॉझिटिव्ह आला. ताईला प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत ना यावर नजर ठेवून.

पीआर शाबूत असणं म्हणजे पेशीने अस्तराच्या पेशीचं वळण अजून पुरतं सोडलेलं नाही. कर्करोगाचा ग्रेड वाढतो तसा पीआर बहुधा ओसरतो. पॉझिटिव्ह आला म्हणून गोळी लागू पडेलच असं नाही, पण शक्यता वाढते, आणि ती शक्यता खराब नमुन्यापायी हातची जाऊ देऊ नका.

ऑपरेशनआधीच विचारा: पिशवी चिरून फॉर्मॅलिनमध्ये कोण ठेवणार, किती वेळात? निगेटिव्ह रिपोर्ट आला तर शेजारच्या निरोगी पेशी रंगल्या होत्या का, हे पॅथॉलॉजिस्टना थेट विचारा. क्युरेटिंगचा ब्लॉक कुठे आहे, याची नोंद फाइलमध्ये ठेवा.

त्याच नमुन्यावर पी५३ हे प्रथिन आणि एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी, चार प्रथिनंही तपासून घ्या. या चारपैकी एमएसएच२ किंवा एमएसएच६ दिसत नसेल तर जनुकीय सल्लागाराला भेटा. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष निघाला तर भावंडांना आणि मुलांनाही आतड्याच्या कर्करोगाचा धोका असू शकतो. एमएलएच१ गेलेलं दिसलं तर आधी मेथिलेशनची चाचणी करा, कारण बहुतेक वेळा ते आनुवंशिक नसतं.