खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापन : किंमत एकाची, तारीख दुसऱ्याची

डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल उद्ध्वस्त केला. पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरविली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली आणि काम सोपविले ई. श्रीधरन नावाच्या ३२ वर्षांच्या अभियंत्याकडे. नवे गर्डर घडवून घ्यायचे म्हटले असते, तर सारी मुदत त्यातच संपली असती. वाहून गेलेल्या गर्डरांचा समुद्रतळाशी असलेला ठावठिकाणा स्थानिक मच्छीमारांकडून कळला, तेव्हा तेच वर काढून पुन्हा बसविण्याचा निर्णय झाला. ४६ दिवसांत पूल उभा राहिला.

ही हकिकत स्थापत्यकौशल्याची म्हणून सांगितली जाते. वास्तविक ती तितकीच साहित्यखरेदीची आहे. लागणारी वस्तू कोठून मिळेल, किती दिवसांत मिळेल आणि तिच्यासाठी काय मोजावे लागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाने एकाच वेळी दिली, म्हणून ते काम झाले. आजच्या मोठ्या संस्थांत ही उत्तरे वेगवेगळ्या टेबलांवर दिली जातात. किमतीची जबाबदारी खरेदी अधिकाऱ्याची आणि तारखेची प्रकल्प व्यवस्थापकाची, अशी वाटणी झालेली असते. कामाच्या सोयीसाठी ती आवश्यकही आहे. तथापि, प्रकल्पांतील बरेचसे नुकसान या दोन टेबलांच्या मधल्या जागेत होते.

खरेदी म्हणजे बाजारहाट नव्हे

खरेदी अधिकारी म्हणजे चार दरपत्रके मागवून त्यांतील सर्वांत स्वस्त निवडणारा कर्मचारी, असा समज अद्याप आढळतो. दरपत्रक हा या प्रक्रियेचा मधला टप्पा आहे. आरंभ होतो मागणीपत्रापासून. वस्तू कशासाठी हवी, किती हवी, केव्हा हवी, हे वापरणाऱ्या विभागाने लिहून द्यावयाचे असते. त्यावरून वस्तूचे तांत्रिक वर्णन आणि अंदाजित किंमत ठरते. पुढे निविदा, तांत्रिक व वित्तीय लिफाफ्यांची छाननी, आदेश, तपासणी, मालाची पोच, देयक आणि अखेरीस हमी कालावधी.

यांत सर्वाधिक कसोटीचे काम तांत्रिक वर्णनाचे होय. वर्णन ढोबळ असेल तर निकृष्ट माल नियमांत बसतो. ते अतिरेकी तपशिलाचे असेल तर एकच पुरवठादार त्यात बसतो, आणि मग स्पर्धा नावापुरती उरते. एखाद्या कंपनीचे माहितीपत्रक समोर ठेवून वर्णन उतरवून काढणे ही सरावाने जडणारी खोड आहे. चौकशीच्या वेळी प्रथम हेच उघडकीस येते. अंदाजित किमतीचेही तसेच. गेल्या वर्षीच्या आदेशात दहा टक्के मिळवून काढलेला अंदाज हा अंदाज नव्हे. तो चुकीचा असल्यास आलेला देकार महाग की स्वस्त हे सांगण्यास मोजपट्टीच उरत नाही.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १४४ नुसार, खरेदीचे अधिकार ज्याच्याकडे आहेत त्याच्यावर कार्यक्षमता, काटकसर व पारदर्शकता यांबरोबरच पुरवठादारांना न्याय्य वागणूक आणि स्पर्धेला उत्तेजन यांचीही जबाबदारी आहे. या यादीत काटकसर एकटी नाही. तरीही प्रत्यक्षात ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराचा देकार, हाच निर्णयाचा सुरक्षित आधार मानला जातो. कारण कमी दराबद्दल कोणी खुलासा मागत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदी व प्रकल्प व्यवस्थापनाविषयी सर्वसाधारण सूचना काढल्या. त्यांत ठरावीक कामांसाठी गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा आहे. मात्र किमतीव्यतिरिक्तच्या निकषांचा भार ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधनही आहे. मुभा मिळाली म्हणून वापर वाढतो असे नाही. गुणवत्तेला गुण द्यायचे तर आपले मत कागदावर लिहावे लागते, आणि त्याखाली सही करावी लागते.

एका जनरेटरची गोष्ट

दोन टेबलांच्या मधली जागा म्हणजे काय, हे साध्या उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एका नव्या इमारतीसाठी ६२.५ केव्हीएचा जनरेटर घ्यावयाचा आहे. खरेदी अधिकाऱ्याने वेळेवर निविदा काढली, दर उत्तम मिळाला, माल ठरल्या दिवशी आला. परंतु जनरेटरचा चौथरा ज्या ठेकेदाराने बांधावयाचा, त्याचे काम मागे पडले आहे. यंत्र ताडपत्रीखाली पावसाळा काढते. आदेशात नेहमीचे कलम असते : हमी पुरवठ्यापासून १८ महिने किंवा यंत्र सुरू केल्यापासून १२ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. आठ महिन्यांनी चौथरा तयार होतो, यंत्र बसते, आणि हाती हमीचे दहाच महिने उरतात. ८० टक्के रक्कम मालाच्या पोचेवर देऊन झालेली असते. तिच्यावरील आठ महिन्यांचे व्याज कोणाच्याच हिशेबात धरलेले नसते.

या व्यवहारात चूक कोणाची? खरेदी विभागाची फाईल निर्दोष आहे. प्रकल्प विभागाकडे ठेकेदाराला पाठविलेल्या स्मरणपत्रांच्या प्रती आहेत. दोन्ही कपाटांत कागद चोख आणि यंत्र मात्र अंगणात.

प्रकल्प व्यवस्थापनशास्त्राने यावर उपाय फार पूर्वी दिला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत आणि तेथील नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात ‘पर्ट’ ही पद्धत विकसित झाली. कामांची यादी करावयाची, कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे ते मांडावयाचे आणि सर्वांत लांब साखळी शोधावयाची. त्या साखळीतील एक दिवस चुकला की संपूर्ण प्रकल्पाचा एक दिवस चुकतो. इतर कामांना थोडी ढील चालते. आपल्याकडील अनेक वेळापत्रकांत बांधकामाचे टप्पे बारकाईने दाखविलेले असतात, पण ‘साहित्यखरेदी’ ही एका लांब पट्टीत गुंडाळलेली असते. वास्तविक लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर किंवा परदेशी बनावटीचे यंत्र यांच्या बाबतीत मागणीपत्र, मंजुरी, निविदा, आदेश आणि उत्पादन यांतील प्रत्येक पायरीला तारीख हवी. नाही तर तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार होतो.

घड्याळ उलटे चालते तेव्हा

कोकण रेल्वेचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. रेल्वे मंत्रालयाबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये भागीदार होती आणि बराचसा पैसा रोख्यांतून उभा करावयाचा होता. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग ७४१ किलोमीटरांचा. कर्जाऊ पैशावर चालणाऱ्या कामात प्रत्येक दिवसाला व्याज असते. प्रमुखपदी असलेल्या श्रीधरन यांनी कामाच्या ठिकाणी उलटी चालणारी घड्याळे लावली, त्यामागे हा हिशेब होता.

कठीण कातळातील बोगद्यांसाठी स्वीडनहून यंत्रे आणली गेली. ती उपयोगीही पडली. परंतु काही बोगदे मऊ, पाणथळ मातीतून जाणारे निघाले. तेथे ही यंत्रे कामाची नव्हती. माणसांच्या हातांनी, फुटाफुटाने पुढे सरकावे लागले. गोव्यातील पेडणे येथील बोगद्याने सर्वांत जास्त काळ अडविले. पाच वर्षांत पूर्ण करावयाचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुला झाला. उत्तम यंत्र, उत्तम दर आणि नेमकी मुदत हे सारे असूनही जमिनीच्या पोटातील माहिती अपुरी असेल तर वेळापत्रक टिकत नाही. पूर्वपाहणीवर खर्च करताना हात आखडता घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने पेडण्याचा बोगदा एकदा आठवावा.

याच श्रीधरन यांच्याविषयी आणखी एक प्रसंग नोंदविण्याजोगा आहे. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरुदपूर येथे मेट्रोच्या बांधकामाधीन पुलाचा भाग कोसळून जीवितहानी झाली. काम ठेकेदाराचे होते. तरीही दिल्ली मेट्रोचे प्रमुख या नात्याने त्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. मुख्यमंत्र्यांनी तो स्वीकारला नाही. प्रकल्प व्यवस्थापकाची जबाबदारी ठेक्याच्या कलमांपाशी संपते की नाही, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या कृतीत अधिक स्पष्ट आहे.

देयक कोणाच्या टेबलावर आहे?

दोन टेबलांच्या मध्ये एक तिसरी व्यक्ती उभी असते, आणि ती बहुधा बँकेची खातेदार असते : लहान पुरवठादार. त्याने माल दिलेला असतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हावयाची असते, किंवा तपासणी अहवालावर सही राहिलेली असते. खरेदी विभाग म्हणतो, प्रकल्पाकडून दाखला यावयाचा आहे. प्रकल्प विभाग म्हणतो, आदेशातील एका शब्दाचा खुलासा हवा आहे. इकडे पुरवठादाराच्या कॅश क्रेडिट खात्यावर व्याज चढत असते, कामगारांचा पगार थकतो. ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरण्याची पाळी येते. दुसऱ्याच्या कार्यालयातील न झालेल्या सहीपोटी एका प्रामाणिक उद्योजकाची पत जाते. शाखेत कर्जविभाग सांभाळणाऱ्यांना हे नवे नाही.

कायदा या बाबतीत पुरवठादाराच्या बाजूने उभा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला ठरलेल्या तारखेस, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. वित्त कायदा २०२३ ने त्यात आणखी भर घातली. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती केल्याच्या वर्षीच मिळते. वर उल्लेखिलेल्या २०२१ च्या सूचनांतही, कामाच्या चालू देयकाची ७५ टक्के रक्कम देयक सादर झाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत आणि उर्वरित २८ दिवसांत द्यावी, असे म्हटले आहे.

असे असूनही लहान पुरवठादार व्याज मागत नाही. मागितले तर पुढचा आदेश मिळणार नाही, ही त्याची भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाने देयकाचे काम कारकुनी समजू नये. त्रुटी असेल तर ती पहिल्याच पत्रात, सर्वच्या सर्व, एकदम कळवावी. आज एक आणि पंधरा दिवसांनी दुसरी शंका काढणे ही दक्षता नव्हे.

या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

पूर्वी भांडारपाल म्हणून सुरुवात करून अनुभवाने वर चढणे हाच मार्ग होता. आता वाटा अनेक आहेत. रेल्वे, सार्वजनिक उपक्रम, महानगरपालिका, रुग्णालये, माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि स्वतः बँका यांना खरेदी व प्रकल्प या दोन्ही बाजूंची माणसे लागतात. अभियांत्रिकीची पदवी प्रकल्पाकडे अधिक उपयोगी पडते. पण करार, देयके, खर्चाचे नियंत्रण व लेखापरीक्षण यांत वाणिज्य पदवीधराला कमीपणा नाही, किंबहुना काही ठिकाणी तोच अधिक लवकर रुळतो. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम साहित्य व्यवस्थापनासाठी, तर बांधकाम व्यवस्थापनासाठी पुण्याची निकमार ही संस्था परिचित आहे. प्रकल्प व्यवस्थापकांत ‘पीएमपी’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रालाही मान आहे. सरकारी खरेदीकडे वळणाऱ्याने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेची कार्यपद्धती आणि केंद्रीय दक्षता आयोगाची परिपत्रके यांचा अभ्यास प्रथम करावा. प्रमाणपत्र नंतर घेतले तरी चालते.

पहिल्या वर्षी बहुधा मोठे निर्णय वाट्याला येत नाहीत. नव्या माणसाकडे सोपविली जाते ती बँक हमींची नोंदवही, कारण ते काम कंटाळवाणे मानले जाते. पुरवठादाराने कराराची पूर्तता केली नाही तर संस्थेच्या हाती उरणारे खात्रीचे साधन हेच असते. बिनशर्त हमीखाली मुदतीत व रीतसर मागणी आली की बँक मूळ वादात न शिरता पैसे देते. मुदतीनंतर एक दिवस उशिरा आलेली मागणी तितक्याच निर्विकारपणे नाकारते. सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे कार्यपूर्ती हमी, पुरवठादाराची हमी कालावधीसह सर्व दायित्वे संपल्यानंतर आणखी ६० दिवस जिवंत असावी लागते. काम लांबले आणि मुदतवाढ दिली गेली, तर हमीचीही मुदत वाढवून घ्यावी लागते. मुदतवाढीचे पत्र प्रकल्प विभाग काढतो. हमी असते खरेदी विभागाच्या तिजोरीत. त्या पत्राची प्रत तिजोरीपर्यंत पोचली की नाही, हे विचारणारा माणूस नोंदवही सांभाळणाराच असतो. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख लाल शाईने लिहून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. संगणकाच्या स्मरणसूचनेने ती सोपी झाली आहे, इतकेच. हमी प्रथम हाती येते त्याच दिवशी, ती खरी आहे याची खातरजमा पुरवठादाराकरवी न करता थेट बँकेकडून लेखी करून घ्यावी, आणि ते उत्तर त्याच नोंदवहीला जोडून ठेवावे.