विचारायचं कुठे, दाखवायचं कुठे

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा झाली, कलेच्या फाउंडेशन वर्गाला प्रवेश मिळाला, आता रोज एक चित्र मोबाइलवर टाकणार म्हणतेस. टाक. पण त्याआधी माझं थोडं ऐकून घे. मुलांची कामं तपासण्यात माझा जन्म गेला, म्हणून सांगतो. कौतुकाने हात धीट होतो, डोळा मात्र चूक दाखवणाऱ्यामुळे तयार होतो. दोन्ही हवंच, पण दोन्ही एकाच जागी मिळत नाही.

आधी ठरव, विचारायचंय की दाखवायचंय. इन्स्टाग्रामवर माणूस अंगठ्याने चित्रं सरकवत जातो. आवडलं तर बदाम, नाही तर पुढचं. तुला शिकवायला तो आलेलाच नसतो. चित्रकारांच्या चर्चापीठांवर रीत निराळी असते. वेटकॅनव्हाससारखं इंटरनेटवरचं चर्चापीठ १९९८ पासूनचं. तिथे जलरंग, तैलरंग, पेस्टल असे वेगळे विभाग आहेत. चित्राखाली प्रश्न, प्रश्नाखाली उत्तरं, आणि जुनी चर्चाही शोधली की सापडते. तेव्हा शिकतानाचं काम अशा ठिकाणी ने आणि पूर्ण झालेलं, स्वतःला पटलेलं काम इन्स्टाग्रामवर लाव.

काम कच्चं असतानाच विचार. जलरंगात तर हे फार महत्त्वाचं. गडद वॉश एकदा बसला की पांढरा कागद परत मिळत नाही. म्हणून रंगाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढी तीन-चार रेखाटनं कर, त्यांत उजळ, मध्यम आणि गडद असे तीनच टोन भर आणि ती दाखव. रचनेतला दोष तिथेच कळतो आणि पाच मिनिटांत सुधारतो. फ्रेम केलेल्या चित्रावर टीका ऐकून फक्त मन खट्टू होतं.

प्रश्न नेमका असू दे. ‘कसं झालंय?’ असं विचारलंस तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘मागचा डोंगर पुढे येतोय का?’, ‘नजर आधी देवळाच्या कळसावर जाते की घाटाच्या पायऱ्यांवर?’, ‘सावलीतला रंग मळलाय का?’ असं विचार. प्रश्न तयार करतानाच निम्मं उत्तर तुला सापडेल.

फोटो नीट काढ. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल कागदाला समांतर धरून. फिल्टर लावू नकोस. कागदाच्या चारही कडा दिसू देत. सोबत कागदाचा आकार, जाडी, माध्यम लिही आणि जागेवर केलं की फोटोवरून, तेही सांग. फोटोवरून केलं असेल तर तो फोटो जोड. नाही तर समोरचा तुझ्या चित्राऐवजी तुझ्या मोबाइलचे दोष काढत बसेल.

सल्ला पारखून घे. सल्ला देणाऱ्याची स्वतःची कामं आधी बघ. तिघांनी चित्रातल्या एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे काहीतरी बिघडलंय असं समज. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र चुकीचा असू शकतो. उपाय तू शोध. लगेच उत्तर देऊन स्वतःची बाजू मांडू नकोस. रात्र जाऊ दे. सकाळी चित्र उलटं धरून बघ, मग ठरव.

चित्रकार सय्यद हैदर रझांचं उदाहरण लक्षात ठेव. नागपूरला आणि मग मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकलेला, बॉम्बे आर्ट सोसायटीचं पदक मिळवलेला तरुण. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. कार्तिए-ब्रेसाँनी रझांची चित्रं पाहिली आणि सांगितलं, की तुम्ही गुणी आहात, पण चित्रांना बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. रझांनी ते मनावर घेतलं, फ्रेंच शिकले आणि १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. असं स्पष्ट सांगणारा भेटला तर त्याला जप.

दुसऱ्यांच्या कामांवरही लिही. एक चित्र घे. नजर आधी कुठे जाते, का जाते, आणि एकच गोष्ट बदलायची तर कोणती, एवढं सभ्य शब्दांत लिही. ‘आवडलं’ लिहायला विचार लागत नाही; ‘उजवीकडचं झाड काढलं तर नदीची वाट मोकळी होईल’ हे लिहायला चित्र खरंच बघावं लागतं. आठवड्याला पाच कामांवर असं लिहिलंस, तर स्वतःच्या कागदावरचे दोष आपोआप दिसू लागतील.

आकड्यांवरून विषय निवडू नकोस. पावसातल्या रस्त्याच्या चित्राला खूप बदाम आले की दुसरंही तेच करावंसं वाटतं, तिसरंही. हात तिथेच अडकतो. विद्यार्थिदशेत हात-पाय, कापडाच्या चुण्या, यथार्थदर्शन अशा कंटाळवाण्या अभ्यासाला पर्याय नाही आणि त्याला बदाम मिळत नाहीत. ते तारखा घालून वहीत कर. संकेतस्थळं बंद पडतात, खाती हरवतात. वही तुझ्याकडे राहते.

प्रत्यक्ष माणसं सोडू नकोस. सूझा, आरा, हुसेन, रझा, गाडे, बाकरे या कलावंतांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. प्रत्येकाची शैली निराळी, पण एकमेकांची कामं बघायची, वाद घालायचे. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या मुंबईतल्या घरी तरुण चित्रकार जमत आणि कामांवर बोलणं होई. तुलाही रविवारी स्केचिंगला बरोबर येणारे तीन-चार जण जोडता येतील. जहांगीर कलादालनात जा, वार्षिक प्रदर्शनं बघ. रंगाचा थर, कागदाचा पोत, चित्राचा खरा आकार हे मोबाइलच्या काचेवर कळत नाही.

इन्स्टाग्राम वापर, त्यावर प्रदर्शनाचं आमंत्रण पोहोचतं, काम विचारणारे लोकही येतात. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठेव. बाकीचे दिवस रेखाटायला आणि विचारायला. या आठवड्यात सुरुवात अशी कर: जे चित्र मनासारखं जमलेलं नाही, तेच घे, त्याचा नीट फोटो काढ, खाली एक नेमका प्रश्न लिही आणि तुझ्याहून चांगलं काम करणाऱ्यांसमोर ठेव. उत्तर आलं की तेच चित्र नव्या कागदावर पुन्हा कर.