समुद्राचें दार

भारताची पहिली अंटार्क्टिका-मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालीं ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली. ती ऐन डिसेंबरांतच कां निघाली, असें आम्हीं एकदां वर्गांत विचारलें. "थंडींत समुद्र शांत असतो म्हणून," असें उत्तर आलें. उत्तर अगदींच चुकीचें नव्हतें. पण खरें कारण पृथ्वीच्या दक्षिण टोकास आहे. आपला हिवाळा तो तिकडचा उन्हाळा. तिकडच्या हिवाळ्यांत समुद्राचा पृष्ठभागच गोठतो आणि जहाजांची वाट बंद होते.

खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. त्यास सुमारें उणे १.८ अंश सेल्सियस इतकी थंडी लागते. (आइस्क्रीम करितांना भांड्याभोंवतींच्या बर्फांत मीठ कां घालतात, हें पालकांनीं मुलांस या निमित्तानें अवश्य सांगावें.) प्रथम बर्फाच्या बारीक सुया तरंगूं लागतात, मग त्या एकमेकींस चिकटून थर बनतो. गोठतांना पुष्कळसें मीठ बाहेर टाकलें जातें. तें अधिक खारट झालेलें पाणी जड होऊन खालीं बुडतें व महासागरांतील खोल प्रवाहांस चालना देतें. हिमनग निराळे, ते जमिनीवर सांचलेल्या हिमाचे तुटलेले कडे होत.

सप्टेंबराच्या सुमारास अंटार्क्टिकाभोंवतींचा हा थर सुमारें १८५ लाख चौरस किलोमीटर पसरतो, म्हणजे भारताच्या पांचपटींहून अधिक. फेब्रुवारींत तो भारताएवढाही उरत नाहीं. उत्तर ध्रुवाकडे समुद्र जमिनीनें वेढलेला आहे, म्हणून तेथें पसरावयास वाव कमी. तेथील बर्फ मार्चांत सर्वांत अधिक व सप्टेंबरांत सर्वांत कमी असतो.

९ जानेवारी १९८२ रोजीं मोहीम अंटार्क्टिकावर उतरली, ती या उन्हाळी दारानेंच. पुढें १९८४ सालीं 'दक्षिण गंगोत्री' ठाण्यावर बारा भारतीय प्रथमच हिवाळाभर राहिले. जहाज परतलें, मागें समुद्र गोठला. पुढील उन्हाळ्यापर्यंत दुसरें जहाज यावयाचें नव्हतें.

हें चक्र आतां पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें दक्षिणेकडील बर्फ अठरा लाख चौरस किलोमीटरांहूनही कमी झाला; उपग्रहांच्या १९७९ पासूनच्या नोंदींत तोंवर इतका कमी तो कधींच झाला नव्हता. नगर जिल्ह्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. गोव्यांतील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या संशोधकांनीं २०२१ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेकडील कारा समुद्रांतील बर्फाची घट आणि मध्य भारतांतील सप्टेंबरची अतिवृष्टि यांचा संबंध असावा, असें त्यांत मांडलें आहे. आपल्याकडील रब्बी ज्वारीची पेरणी त्याच दिवसांतील पावसाच्या ओलीवर होते.