ध्यानाला बसलो, पण शांती मिळाली नाही



घरभेटीला गेलो की एक तक्रार हमखास कानावर येते. “फादर, आराधनेला तासभर बसायचो, पण मन काही शांत होत नाही. म्हणून आता यायचे सोडले.” ही तक्रार प्रामाणिक आहे. परंतु तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे : ध्यान हे शांती मिळवण्यासाठी असते, आणि ती मिळाली नाही तर ध्यान फुकट गेले.

प्रार्थनेच्या बाबतीत ख्रिस्तसभा जिला गुरू मानते, त्या आविलाच्या संत तेरेजाबाई (1515-1582) काय सांगतात पाहा. आपल्या आत्मचरित्रात त्या कबूल करतात की, कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो आणि घड्याळाचे टोल कधी पडतात याकडेच त्यांचे लक्ष असे. मध्यंतरी वर्षभराहून अधिक काळ त्यांनी ध्यान सोडूनही दिले होते. आपण त्याला लायक नाही, असे त्यांना वाटे. ती आपली मोठी चूक होती, असे त्यांनी पुढे लिहिले. याच तेरेजाबाईंना 1970 साली पोप सहावे पॉल यांनी धर्मपंडित म्हणून घोषित केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

मग त्या पुन्हा कशासाठी बसल्या? मित्राला भेटायला. त्यांच्या मते ध्यान म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्याबरोबर एकांतात वेळ घालवणे. गेथसेमनी बागेतल्या प्रभूची सोबत करायला त्यांना विशेष आवडे. त्या बागेत येशू स्वतः व्याकूळ होता, हे आपण विसरतो.

तत्त्वज्ञान शिकताना मला ग्रीक स्टोइक विचारवंतांची अविचल शांती फार भावली होती. परीक्षेत तिच्यावर पानेच्या पाने लिहिली. (गुणही बरे पडले!) पण त्याच वर्षी माझे एका सोबत्याशी बोलणे बंद होते. सकाळी ध्यानाला डोळे मिटले की त्याचाच चेहरा समोर येई. मी त्याला व्यत्यय समजून हाकलत असे. शेवटी आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना सांगितले. ते म्हणाले, “तू हाकलतोस, पण प्रभूच त्याला आणत असेल तर?”

वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगणारे प्रभूचे वचन (मत्तय 5:23-24) मला पाठ होते. तरी उठायला आठवडा गेला. नाश्त्यानंतर तो ताटे धूत होता तिथे जाऊन मी माफी मागितली. तो “बरं” म्हणाला आणि ताटे धूत राहिला. एवढेच. त्या दिवशी मला काही शांती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ध्यानात त्याचा चेहरा आला तेव्हा मी त्याच्यासाठी प्रार्थना करू शकलो.

तेव्हा ध्यानाला बसल्यावर बांधावरून बोलणे तुटलेला भाऊ आठवला, न फेडलेले देणे आठवले, तर घाईने मन दुसरीकडे वळवू नका. प्रभूसमोर त्याविषयीच बोला.

ज्यांनी येणे सोडले आहे त्यांनी या शुक्रवारी दहाच मिनिटे यावे. लूक 22:39-46 हा उतारा सावकाश वाचावा आणि बागेतल्या येशूजवळ नुसते बसावे. आपल्या मंदिरातले घड्याळ मागच्या भिंतीवर आहे. मान वळवून पाहिलेत तरी मी काही म्हणणार नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू